मोडकी इंग्रजी म्हणे!
(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

आमच्या आजोबांना जमैका बेट ठाऊक आहे ते केवळ एका मैदानामुळे. किंग्स्टनचे सबायना पार्क. १९७१ च्या फेब्रुवारीत तिथे भारताची अवस्था ५ बाद ७५ झाली असता मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा कशा काढल्या, एकनाथ सोलकरने त्यांना कशी साथ दिली, हे ते आजही काल घडल्यासारखे सांगतात. मग त्यांचा स्वर उतरतो, कारण गोष्ट १९७६ वर येते. त्याच मैदानावर मायकेल होल्डिंगचा चेंडू बडोद्याच्या अंशुमन गायकवाडांच्या कानावर बसला. विश्वनाथचे बोट मोडले, ब्रिजेश पटेलच्या तोंडाला इजा झाली, आणि दुसऱ्या डावात भारताचे पाच खेळाडू फलंदाजीला उतरूच शकले नाहीत. होल्डिंग म्हणजे आमच्या घरात एक प्रकारचा राक्षसच!

तोच होल्डिंग जुलै २०२० मध्ये इंग्लंडमधील एका वाहिनीवर बोलता बोलता रडला. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाल्यानंतर जगभर वर्णद्वेषाची चर्चा चालू होती, आणि त्याला त्याच्या आईवडिलांविषयी विचारले होते. त्याने सांगितले की त्याच्या आईशी तिच्या माहेरच्यांनी बोलणे सोडले होते. कारण तिचा नवरा फार काळा होता.

मी तेव्हा शाळेत होतो. आजोबा आणि मी दोघेही गप्प झालो. गोऱ्याने काळ्याचा अपमान केला असता तर ते आम्हांला समजले असते. तशा गोष्टी आपण पुस्तकांतून वाचतो. पण हे जमैकातल्याच एका घरातले होते. त्या बेटाची लोकसंख्या सुमारे अठ्ठावीस लाख, आणि त्यांतले नऊ दशांशांहून अधिक लोक आफ्रिकन वंशाचे. जिथे बहुतेक सगळेच काळे, तिथे कुणी 'फार काळा' कसा ठरतो?

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून असेल कदाचित, पण या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी एका हिशेबाच्या वहीपाशी येऊन थांबलो. इंग्रजांनी हे बेट १६५५ मध्ये स्पॅनिशांकडून जिंकून घेतले आणि उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून मोठ्या प्रमाणावर माणसे आणली. १८०७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने हा व्यापार बंद करीपर्यंत दहा लाखांच्या आसपास माणसे जमैकाच्या बंदरांत उतरवली गेली. त्यांतली काही पुढे स्पॅनिश वसाहतींना विकली गेली. बाकीच्यांचा हिशेब १८३४ मध्ये, म्हणजे गुलामगिरी कायद्याने संपली त्या वर्षी, लागतो: ३ लाख ११ हजार! मधल्या पावणेदोनशे वर्षांत झालेल्या बाळंतपणांसह शिल्लक ही एवढी. असा ताळेबंद समोर आला तर आमचे लेखापरीक्षणाचे सर पहिला प्रश्न काय विचारतील, हे आमच्या वर्गाला सांगायला नको.

१८१७ पासून तिथल्या प्रत्येक मालकाला दर तीन वर्षांनी आपल्या गुलामांची नोंद सरकारला द्यावी लागे. नाव, वय, रंग. आणि एक रकाना असा: 'आफ्रिकन की क्रिओल'. क्रिओल म्हणजे बेटावर जन्मलेला. रंगाला स्वतंत्र रकाना कशासाठी? तर फिकट रंगाचे, म्हणजे बऱ्याचदा मालकाच्याच रक्ताचे मूल घरकामाला ठेवले जाई. थेट आफ्रिकेतून आलेल्याच्या वाट्याला उसाचा फड. आफ्रिका जितकी दूर, तितकी किंमत चढी. पुढे गुलामगिरी संपली तेव्हा पार्लमेंटने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई मंजूर केली, ती मालकांना. ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या नावावर एक पेनीही जमा झाली नाही. उलट त्यांना आणखी चार वर्षे, १८३८ पर्यंत, 'उमेदवार' या नावाखाली त्याच मळ्यांवर राबावे लागले. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये केली. दोन शतके होत आली तरी ते खाते चालू होते, हे वाचून मी चकित झालो.

वही बंद झाली तरी रकाना मनात राहतो. १९५५ मध्ये इंग्रजी राजवटीच्या त्रिशताब्दीनिमित्त जमैकात एक सौंदर्यस्पर्धा झाली. तीत मुलींचे रंगानुसार दहा गट पाडले होते. एका गटाचे नाव आबनूस, तर दुसऱ्या एकाचे सफरचंदाचा बहर. ही 'एकात्मता' म्हणून साजरी झाली!

आता माझा खरा विषय. या सगळ्यातून आफ्रिकेचे जमैकात शिल्लक काय राहिले? देव गेले, गोत्रे गेली, गावांची नावे गेली. नावे मात्र थोडी राहिली होती. घानाकडील आकान लोकांत मुलाला जन्मवारावरून नाव देतात. रविवारचा क्वाशी, सोमवारचा कजो, शुक्रवारची फिबा. आपल्या खेड्यांत सोमा, मंगळ्या, बुधा असतात तसेच. कजो नावाच्या एका पुढाऱ्याने डोंगरात पळून गेलेल्या गुलामांची, 'मरून' लोकांची, फौज उभी केली आणि १७३९ मध्ये इंग्रजांना तह करायला लावला. (त्या तहात नवे पळपुटे गुलाम इंग्रजांना परत करण्याचे कलम होते, तेव्हा कजोची निव्वळ आरती ओवाळण्यातही अर्थ नाही.) मरूनांची दुसरी पुढारी नॅनी, तिचे चित्र आज पाचशे डॉलरच्या नोटेवर आहे. पण त्याच आकान नावांपैकी 'क्वाशी' या नावाचे काय झाले? जमैकात 'क्वाशी' म्हणजे गावंढळ, मूर्ख. रविवारी जन्मलेल्या मुलाचे साधे नाव शिवी होऊन बसले. मंगळ्या हे नाव ऐकून शहरात आपण कसे हसतो ते आठवले की हे समजायला वेळ लागत नाही.

नावे शिव्या झाली, पण जीभ तशी सहजी हार मानत नाही. जमैकाचे लोक घरात, बाजारात, भांडणात आणि प्रेमात जी भाषा बोलतात तिला 'पॅटवा' म्हणतात. हा मूळ फ्रेंच शब्द. अर्थ गावठी बोली. म्हणजे नावातच अवहेलना आहे. शिकलेले लोक तिला पिढ्यान्‌पिढ्या 'मोडकी इंग्रजी' म्हणत आले. शब्द बहुतेक इंग्रजीतून आलेले आहेत हे खरे. पण शब्द म्हणजे विटा. घराचा आराखडा कुणाचा, हे विटा मोजून कळत नाही.

एक वाक्य घ्या: 'मी आ न्याम'. अर्थ: मी जेवतो आहे. (इथला 'मी' आपल्या मराठी 'मी'सारखा ऐकू येतो हा निव्वळ योगायोग, तो इंग्रजीतून आला.) 'न्याम' म्हणजे खाणे, हा शब्द पश्चिम आफ्रिकेचा. क्रियापद पुरुषाप्रमाणे किंवा काळाप्रमाणे बदलत नाही. काळ दाखवायला आधी एक छोटा शब्द येतो, इथे 'आ'. याला मोडके म्हणायचे असेल तर नियम न पाळणारे म्हणावे लागेल. आणि इथे तर नियम अगदी काटेकोर आहे.

दुसरे उदाहरण मला अधिक आवडते. आपल्याकडे 'तू' आणि 'तुम्ही', कन्नडमध्ये 'नीनु' आणि 'नीवु'. इंग्रजीत मात्र एकाला आणि शंभरांना एकच शब्द. पॅटवात एकाला 'यू' आणि अनेकांना 'उनू'. हा 'उनू' नायजेरियाकडील इग्बो भाषेतला. म्हणजे जो भेद प्रमाण इंग्रजीने शतकांपूर्वी गमावला तो या 'मोडक्या' भाषेने आफ्रिकेतून आणून भरून काढला. मोडके कोण?

तिसरे उदाहरण आपल्या दोन विभागांच्या या अंकाला शोभेल असे आहे. 'त्याने मला सांगितले की' असे म्हणताना पॅटवात 'की'च्या जागी 'से' येतो. हा इंग्रजीतला 'म्हणणे' या अर्थाचा शब्द, पण आकान भाषेतही 'से' आहे, तोही 'म्हणणे' या अर्थाचा, आणि तो नेमके हेच काम करतो. अभ्यासक इथे दोहोंचा संगम मानतात. 'म्हणणे' या क्रियापदापासून वाक्ये जोडणारा शब्द बनणे इंग्रजीला अनोळखी, पण आपल्याला नाही. आपण म्हणतो, 'येतो म्हणून सांगितलं'. शेजारचा कन्नड मित्र म्हणतो, 'बर्तीनि अंत हेळिदा'. तसेच अश्रूंना पॅटवात 'आय-वाटा', म्हणजे डोळ्याचे पाणी, असा शब्द आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांत अशी रचना आढळते. इंग्रज शिक्षकाला तो पोरकट वाटला असेल. पण कन्नड 'कण्णीरु' म्हणजे दुसरे काय?

हे सगळे शास्त्रशुद्ध रीतीने मांडले गेले त्यालाही आता बराच काळ झाला. जमैकात जन्मलेल्या फ्रेडरिक कॅसिडी यांचे 'जमैका टॉक' १९६१ मध्ये आले; ल पेज यांच्यासह त्यांनी केलेला कोश १९६७ मध्ये. पॅटवा लिहिण्यासाठी नियमबद्ध लेखनपद्धतीही कॅसिडींनी दिली. तरी 'या बोलीला ना व्याकरण ना शुद्धलेखन' हे पालुपद चालूच आहे.

आणि गंमत अशी की आफ्रिकेविषयी जमैकात प्रेम नाही असे मुळीच नाही. मार्कस गार्वी हा तिथला पहिला राष्ट्रवीर. त्याने १९१४ मध्ये किंग्स्टनला संघटना काढली, काळ्या लोकांच्या मालकीची जहाज कंपनी उभारली, आफ्रिकेकडे पाहा असे साऱ्या जगातल्या काळ्यांना सांगितले. कंपनी बुडाली, अमेरिकेत तुरुंगवास झाला, १९४० मध्ये लंडनमध्ये तो वारला. १९६४ मध्ये त्याचे अवशेष मायदेशी आणून सन्मानाने पुरले. या माणसाने आयुष्यात एकदाही आफ्रिकेत पाऊल ठेवले नव्हते. १९३० मध्ये हाइले सेलासी इथिओपियाचे सम्राट झाले आणि जमैकातल्या गरिबांनी त्यांना देव मानले. हाच रास्ताफारी पंथ. १९६१ मध्ये तर आफ्रिकेत परतता येईल का हे पाहण्यासाठी सरकारने एक शिष्टमंडळ पाच देशांत धाडले होते. १९६६ मध्ये सम्राट स्वतः किंग्स्टनला उतरले तेव्हा विमानतळावर माणसांचा महापूर लोटला. बॉब मार्ले तर आपल्या महाविद्यालयातही आहे. निदान तीन जणांच्या सदऱ्यावर मी त्याला पाहिले आहे.

आफ्रिका अशी झेंड्यात आहे, गाण्यात आहे, पुतळ्यात आहे. तिच्यावर प्रेम करायला तिथे कुणाची हरकत नाही, कारण ती समुद्रापार आहे. जी आफ्रिका रोज सकाळी स्वतःच्या तोंडातून बाहेर पडते तिची मात्र लाज वाटते. गार्वीच्या पुतळ्याला हार घालणारा बाप घरी मुलाला 'नीट बोल' म्हणून दटावतो. म्हणजे 'उनू' म्हणू नकोस! मला हे विसंगत वाटते.

कुणी म्हणेल, जमैकाचा माणूस आफ्रिकन नाहीच. तो जमैकन आहे. 'अनेकांतून एक जनता' हे १९६२ च्या स्वातंत्र्यापासूनचे त्यांचे बोधवाक्य. तिथे चिनी आहेत, सीरियन आहेत, आणि आपलेही आहेत: १८४५ ते १९१७ या काळात छत्तीस हजारांवर हिंदी मजूर करार करून तिथे गेले, बहुतेक उत्तर हिंदुस्थानातले. त्यांची भाषा जवळजवळ पुसली गेली, पण 'गांजा' हा शब्द मात्र त्यांनी सबंध बेटाला दिला आणि रास्तांनी तो पवित्र मानला! (देणगी काय द्यावी हे पूर्वजांना विचारून घेता येत नाही.) तेव्हा 'जमैकन' ही ओळख वेगळी आहे हे मला मान्य आहे. पण मग त्या वेगळ्या ओळखीची स्वतःची भाषा कोणती? लंडनची इंग्रजी खासच नव्हे. आफ्रिकेतून आलेल्यांनी, इंग्रजी शब्द घेऊन, जमैकाच्या मातीत जे घडवले ते पॅटवाच. तीच नाकारली तर 'आम्ही जमैकन' म्हणायला उरते काय?

लुईस बेनेट या कवयित्रीने हे फार पूर्वी ओळखले होते. तिला सारा देश 'मिस लू' म्हणतो. १९४० च्या दशकात ती पॅटवात कविता लिहून वर्तमानपत्रात छापू लागली तेव्हा शिष्टांनी नाके मुरडली. तिचा युक्तिवाद साधा होता: इंग्रजी ही लॅटिन, फ्रेंच आणि जर्मन शब्द घेऊन वाढली तर ती 'उगम पावली', आणि आम्ही इंग्रजीतून शब्द घेतले तर ती 'भ्रष्ट झाली', हा न्याय कुठला? याचे समाधानकारक उत्तर अजून कुणी दिल्याचे माझ्या वाचनात नाही. २०१५ मध्ये मार्लन जेम्स या जमैकन लेखकाच्या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळाले. तिची कितीतरी पाने पॅटवात आहेत. २०१२ मध्ये बायबलचा नवा करार पॅटवात आला तेव्हा मात्र देवाचे वचन हलके झाले अशी ओरड झाली. फादर स्टीफन्स हा तर इंग्रज माणूस. त्याने १६१६ मध्ये गोव्यात राचोलला 'क्रिस्तपुराण' छापले ते मराठीत. त्याला देव हलका झाल्यासारखे वाटले नाही!

आता मुख्य आक्षेप. तो मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तो आमच्या घरातही झाला आहे. पॅटवाने नोकरी मिळते काय? बँकेत, विमानकंपनीत, परदेशात इंग्रजीच लागते. मग पोराचा वेळ का घालवायचा? २००५ मध्ये वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या भाषा विभागाने सुमारे हजार लोकांची पाहणी केली. जवळजवळ सत्तर टक्के म्हणाले, पॅटवाला इंग्रजीच्या बरोबरीने राजभाषा करा. पण त्याच पाहणीत निम्म्याहून अधिक लोकांना इंग्रजी बोलणारा माणूस अधिक हुशार वाटला. मत एकीकडे, मन दुसरीकडे! मी या लोकांना दोष देत नाही.

माझेच पाहा. वडिलांच्या दुकानातली किर्द आणि खतावणी मी सातवीपासून लिहितो. नावे काय आणि जमा काय, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. अकरावीत पहिल्याच आठवड्यात तोच प्रश्न इंग्रजीत विचारला गेला आणि मी मान खाली घालून उभा राहिलो. वर्गाने जे काय ठरवायचे ते ठरवले. मला हिशेब येत नव्हता काय? येत होता. जमैकातल्या सहा वर्षांच्या मुलाचे याहून वाईट होते. इंग्रजी ही त्याची मातृभाषाच आहे असे गृहीत धरून शाळा त्याला शिकवते. मी 'इंग्रजी न येणारा' तरी ठरलो. तो 'स्वतःचीच भाषा न येणारा' ठरतो, म्हणजे मठ्ठ. दोन्ही भाषा शेजारी ठेवून शिकवले तर तो इंग्रजी परकी भाषा म्हणून नीट शिकेल. २००४ ते २००८ या काळात काही प्राथमिक शाळांत पहिली ते चौथीपर्यंत असा प्रयोग झालाही. पण तो देशभर पसरला नाही. इंग्रजी काढून टाका असे कुणीही शहाणा म्हणत नाही. दारातून आत येताना स्वतःची जीभ बाहेर काढून ठेव, एवढेच पोराला सांगू नका.

इथे आपल्या मराठी मंडळींना थोडे बोचेल असेही लिहितो. गेल्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांनी माझे विचार चांगले असल्याचे सांगून 'मराठीला कानडी हेल आहे' म्हणून गुण कापले. मी चिडलो. घरी आल्यावर आठवले की 'कोंकणी ही काय भाषा आहे? मराठीची बोली ती' असे मीच मडगावच्या मावसभावाला मोठ्या तोऱ्यात सुनावले होते. साहित्य अकादमीने कोंकणीला १९७५ मध्येच स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, हे मला तेव्हा ठाऊकही नव्हते. 'मोडकी' म्हणणारा नेहमी इंग्रजच असतो असे नाही.

पुन्हा जमैकाकडे वळतो. तिथे न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. आरोपी किंवा साक्षीदार मनातले बोलतो ते पॅटवात. माणसाचे स्वातंत्र्य कधी कधी एका क्रियापदाच्या काळावर अवलंबून असते, आणि पॅटवाचा काळ इंग्रजीसारखा चालत नाही हे आपण वर पाहिलेच. म्हणून २००१ च्या सुमारास विद्यापीठातल्या भाषातज्ज्ञांनी संसदेच्या समितीपुढे मागणी ठेवली की, भाषेवरून भेदभाव होऊ नये असे राज्यघटनेतच लिहा. मूलभूत हक्कांची नवी सनद अखेर २०११ मध्ये आली. तीत भेदभावाला मनाई करणारी यादी आहे: स्त्री की पुरुष, वंश, मूळ स्थान, सामाजिक वर्ग, रंग, धर्म, राजकीय मते. होल्डिंगच्या आईवडिलांना ज्याने छळले तो रंग त्या यादीत आहे. भाषा नाही.

मी ती यादी दोनदा वाचली. एक शब्द घालायला कागदावर जागा होती.